चार्जिंग येत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी गाडीचा सेल्फ लागला नाही. बटण दाबलं तर आतून नुसतं टक टक टक. किक मारून निघाले, पण डेक्कनच्या सिग्नलला पाहिलं तर इंडिकेटर लुकलुकत नव्हता, मंद पेटून तसाच बसला होता. हॉर्न वाजवला तर घसा बसलेल्या माणसासारखा आवाज. दिवसभर जिवाला घोर आहे. आईला सांगावं तर ती काळजी करत बसते, म्हणून लिहितेय.

मी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेते. सकाळी सहाला खडकीहून निघायचं, नारायण पेठेपासून कर्वेनगरपर्यंत बारा-पंधरा घरं करायची आणि साडेदहाच्या आत सगळे नमुने शिवाजीनगरच्या सेंटरला द्यायचे. स्वतःची गाडी हवी ही अट. सप्टेंबरात लागले. पंधरा डिसेंबरला तीन महिने भरतील, तोवर नोकरी कच्ची. एवढ्या दिवसांत गाडीने दगा द्यायला नको.

गाडी बाबांची आहे, अकरा वर्षांची. त्यांनी ती कधी कुणाला चालवू दिली नाही, मामालासुद्धा नाही. मला मात्र नोकरी लागली त्याच दिवशी आपणहून चावी दिली. "मला आता कुठं जायचंय," म्हणाले. रिटायर होऊन दीडच वर्ष झालंय आणि असं बोलतात. पण त्यांचा विचार बदलायच्या आत मी चावी घेऊन टाकली.

संध्याकाळी बाबांनी बॅटरीला व्होल्टचं मीटर लावून पाहिलं. गाडी बंद असताना बारा पॉइंट एक. चालू करून रेस केली तरी बारा पॉइंट एकच. "चौदाच्या आसपास जायला पाहिजे," म्हणाले. "चार्जिंग येत नाहीये." मग समजावून सांगितलं. इंजिन फिरतं तेव्हा कॉइल वीज तयार करते, रेग्युलेटर ती बॅटरीला झेपेल एवढी करून देतो. मधेच कुठंतरी ती अडतेय. म्हणजे मी बॅटरीतलं रोज खर्च करतेय आणि भरत काहीच नाही.

"बॅटरी पूर्ण उतरली तर?"

"या गाडीचा स्पार्क बॅटरीवर आहे. मग किक मारूनही चालू होणार नाही. चालता चालताही बंद पडेल."

मी म्हटलं मेकॅनिककडे टाकते. बाबा एकदम म्हणाले, "पस्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो मी. माझी गाडी बाहेर टाकणार तू?"

बरं वाटलं. खूप दिवसांनी असे बोलले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी बॅटरी काढून घरातल्या चार्जरला लावली होती, त्यामुळे आज सुरळीत. तरी सगळ्या रस्त्यावर कान इंजिनाकडे. हेडलाइट लावलाच नाही. सहाला अंधार असतो, संगम पुलापर्यंत एका टेम्पोच्या उजेडात त्याच्या मागे मागे गेले.

मंगळवारी नारायण पेठेत सुनीतीबाई असतात. शाळेत गणित शिकवायच्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, म्हणून दर आठवड्याला तपासणी. शिरा दोऱ्यासारख्या. पहिल्या आठवड्यात माझ्या हाताला घाम सुटला होता. आता एका टोचण्यात जमतं.

आज म्हणाल्या, "चार मिनिटं उशीर झाला."

मी म्हटलं, "सॉरी, गाडीचा थोडा प्रॉब्लेम आहे."

"मी कारण विचारलं नव्हतं. वेळ सांगितली."

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोष सापडला. कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी जिथे रेग्युलेटरला जोडल्या जातात तिथलं कपलर जळलंय. अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, तिच्यात तीन पिना. वितळून काळी झाली होती. बाबा म्हणाले, पिना सैल झाल्या की गरम होतात, गरम झाल्या की अजून सैल होतात.

सीट उचलल्यावर जळक्या प्लास्टिकचा असा भपकारा आला की आई स्वयंपाकघरातून विचारायला बाहेर आली. बाबा मात्र त्यावर अगदी वाकून बसले होते, नाकाशी धरलेलं. "कसला वास?" म्हणाले. कारखान्यात इतकी वर्षं काढली की नाक मरत असेल.

नवीन कपलर मी बाजारातून आणून दिलं. बाबांनी मला आत पाठवलं. "उजेडात उभी राहू नकोस," म्हणाले. पाऊण तासाचं काम, त्यांना अडीच तास लागले. माझ्या लहानपणी ते अख्खा पंखा खोलून जोडायचे आणि मध्येच चहासुद्धा प्यायचे. पण काम झालं. तेरा पॉइंट नऊ. मी त्यांना चहा नेऊन दिला तर म्हणाले, ठेव तिथे, हात काळे आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाच दिवस गाडी एकदम छान. सेल्फ एका दाबात. काल कर्वेनगरच्या उतारावर उगाचच हॉर्न वाजवला.

बाबा रोज संध्याकाळी मीटर लावून आकडा वहीत लिहितात. मी म्हटलं, झालं ना आता काम. तर म्हणाले, काम झालं असं आपण म्हणायचं नसतं, मीटरने म्हणायचं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक गंमत झाली. सकाळी साडेपाचला तयार होऊन बाहेर आले, तर आई बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती. अगदी जवळ उभी. मला पाहून तिने झटकन हात मागे घेतला आणि बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. एकतीस वर्षं झाली लग्नाला. मी काही पाहिलंच नाही असं दाखवून हेल्मेट शोधत राहिले. रस्ताभर हसू येत होतं.

बाबांच्या वहीतला आजचा आकडा तेरा पॉइंट दोन. म्हणजे कमी झालाय. की तीन पॉइंट दोन? अक्षर इतकं बारीक झालंय की मला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. पानाच्या वर सुरू करतात तेव्हा बरं असतं, खाली येईपर्यंत मुंगीएवढं. कागद वाचवत असतील, कारखान्यातली सवय.

पण तेरा पॉइंट दोन का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच. बारा पॉइंट दोन. सकाळी सेल्फ मेला, किकने चालू झाली, मग दर घराखाली ती चालूच ठेवून वर जावं असं वाटायचं. दोन ठिकाणी खरंच ठेवली. तिसऱ्या ठिकाणी सोसायटीच्या वॉचमनने बंद करायला लावली, आणि वर काकांच्या हातातली शीर शोधताना माझं मन खाली गाडीपाशी.

हे बरोबर नाही. सुई हातात असताना गाडीचा विचार करायचा नाही. लिहून ठेवते म्हणजे लाज वाटेल.

बाबा म्हणाले, मग रेग्युलेटर गेला असणार. नवीन आणला, त्यांनी बसवला. पुन्हा मला आत पाठवलं, पुन्हा दोन-अडीच तास. मधे एकदा काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. मी खिडकीतून विचारलं, "काय झालं?" तर आईच बाहेरून म्हणाली, "काही नाही, पाना पडला. तू झोप."

तेरा पॉइंट आठ.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हात अजून दुखताहेत. तरी सगळं लिहून ठेवते.

सव्वानऊला सुनीतीबाईंकडून निघाले. नऊ नमुने पेटीत होते आणि कर्वेनगरची तीन घरं बाकी होती. म्हात्रे पुलावर चढले आणि हँडलवरचे स्पीडोमीटरचे दिवे एकदम विझले. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. मागून बसवाला हॉर्न वाजवतोय. गाडी कडेला घेतली. किक मारली. किती मारल्या मोजल्या नाहीत, उजव्या पायाची नडगी सोलली गेली. एक स्कूटरवाले काका थांबून म्हणाले, "पेट्रोल आहे का बघा." पेट्रोल होतं.

पूल उतरेपर्यंत गाडी ढकलली, एका रसवंतीसमोर उभी केली आणि रिक्षा शोधायला लागले. तीन रिक्षावाले शिवाजीनगर म्हटल्यावर निघून गेले. चौथा तयार झाला तो लॉ कॉलेज रोडला कोंडीत अडकला. पेटी मांडीवर घेऊन बसले होते. पेटीतला बर्फ वितळत होता, तो मला मांडीवर कळत होता. कर्वेनगरच्या तिघांना फोन केले. त्यातल्या एक बाई रात्री आठपासून उपाशी होत्या. त्यांनी नुसता फोन ठेवला.

अकरा पंचवीसला पोचले. आमचे सुपरवायझर अभय सर काउंटरवरच उभे होते. नऊपैकी सात नमुने बाद. त्या सातही जणांना पुन्हा टोचावं लागणार. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "पायल मॅडम, तुमचा हात चांगला आहे. सगळे पेशंट तसं सांगतात. पण नमुना वेळेत आला नाही तर हाताचा काय उपयोग? पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला थांबवावं लागेल."

दुपारी सेंटरची स्कूटर घेऊन सातही घरी गेले. सगळ्यात शेवटी सुनीतीबाई. सकाळच्या जागेवर निळा डाग पडला होता. दुसऱ्या हाताची शीर मिळेना. मी दोनदा सॉरी म्हटलं.

"आमच्या पेठेत नळाला पाणी दिवसातून एकदाच येतं," त्या म्हणाल्या. "शिरेचंही तसंच आहे. आता शोध नीट."

सापडली. निघताना मी दारात चपला घालत होते तेव्हा मागून म्हणाल्या, "पाणी पिऊन जा. तोंड बघ कसं झालंय."

जिना उतरून रडले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांना न सांगता गाडी टेम्पोत घालून बोपोडीला जयसिंग मेकॅनिककडे नेली. त्याने बॅटरी बाजूला ठेवली, रेग्युलेटर पाहिला, तो चांगला होता, आणि मग कपलर दोन बोटांत धरून हलकेच ओढलं. एक वायर सरळ त्याच्या हातात आली.

"ताई, हे कुणी केलंय?"

मी म्हटलं, "का?"

"पिना दाबलेल्याच नाहीत नीट. ही एक तर नुसती टेकवून ठेवलीय. बाहेरून वाटतं बसलीय, आत हलतेय. रस्त्यावर हादरे बसले की सुटणारच. शिकाऊ माणसाचं काम आहे."

मला म्हणता आलं असतं, माझ्या वडिलांचं आहे. म्हटलं, "ठाऊक नाही."

"ज्यानं केलं त्याला सांगा, दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नको म्हणावं."

त्याच्याकडे नवीन कपलर नव्हतं, आणि रात्रीच तो पुतण्याच्या लग्नाला गावी निघणार होता. होत्या त्याच पिना पुन्हा दाबून दिल्या. "आठवडाभर निभेल. आल्यावर नवीन टाकतो. तोवर दिवा, हॉर्न जपून."

घरी आले तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसले होते, स्वेटरच्या खिशात हात घालून. माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. म्हटलं, जयसिंग म्हणाला शिकाऊ माणसाचं काम आहे. म्हटलं, दारूगोळ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलीत आणि तीन पिना दाबता आल्या नाहीत? जमत नव्हतं तर सांगायचं होतं. कशाला हट्ट?

आई म्हणाली, "पायल, पुरे."

बाबा टीव्हीकडेच पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "बरोबर आहे."

बस, एवढंच. भांडले असते तर मीही भांडले असते.

मी चुकीचं काही बोलले नाही. सात माणसांना माझ्यामुळे दोनदा टोचावं लागलं.

३० नोव्हेंबर, रविवार

चार दिवस झाले, बाबा अंगणात येत नाहीत. मीटर खुंटीला टांगलेलं. जेवायलाही आमच्याबरोबर बसत नाहीत, आई त्यांना आधी वाढते. मी घरी येते तेव्हा त्यांचं झालेलं असतं.

इतका राग धरण्यासारखं काय होतं?

गाडी चालतेय. मीच आता मीटर लावते. तेरा पॉइंट चार.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आजच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं विहारात जातो. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती तेच लावतात, त्यात आम्ही दोघी कधी मध्ये येत नाही. आज मेणबत्ती आईने लावली. बाबा मागे उभे राहिले, दोन्ही हात घट्ट जोडून, अगदी छातीला आवळून. कारखान्यातले जुने सहकारी "जयभीम, सीताराम" म्हणत, बाबांना नावाने हाक मारत पुढे आले, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. लोकांना काय वाटलं असेल. माझ्यावरचा राग माझ्यापुरता ठेवावा.

घरी आल्यावर मीटर लावलं. बारा पॉइंट तीन. गेलं पुन्हा.

सोमवारी कर्वेनगरच्या एका सोसायटीत शिबिर आहे, बावीस नमुने, मी एकटी. जयसिंग अजून गावीच आहे, बुधवारशिवाय येत नाही. नऊ दिवस उरलेत माझ्या तीन महिन्यांतले.

नवीन कपलर आणून ठेवलंय. उद्या स्वतः करणार. फोनवर व्हिडिओ आहेत.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी दहाला अंगणात बसले. व्हिडिओतला माणूस झटपट करतो. मी पहिली वायर सोलताना तारच तोडली. दुसरी सोलली, तर पिन कुठल्या बाजूने धरायची ते कळेना. मागे वळून पाहिलं तर बाबा दारात उभे होते. खिशात हात.

मी म्हटलं, "बघताय काय नुसते? एकदा दाखवा तरी."

ते हलले नाहीत.

"बाबा, मला उद्या बावीस नमुने आहेत. माझ्यावरचा राग नंतर काढा."

ते आले. समोर पाटावर बसले. मी पक्कड त्यांच्या हातात दिली आणि पिन. पिन पडली. मी उचलून दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट आवळून धरलं, पिन तारेजवळ नेली, आणि पक्कडच फरशीवर पडली. हात मांडीवर आला. तिथे तो राहिला नाही. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहिली, पिठाची गोळी वळावी तशी, न थांबता.

मी रोज पंधरा-वीस हात हातात घेते. दंड बांधते, शीर चाचपते, हात थरथरत असेल तर खाली उशी देते आणि म्हणते, काका, घाबरू नका. हा हात रोज संध्याकाळी माझ्यापासून चार फुटांवर होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून. तेव्हा थोडं होतं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"तुझे तीन महिने भरू दे म्हटलं. दवाखाना सुरू झाला की तुझं लक्ष उडालं असतं."

"आईला माहीत होतं?"

आई दारामागेच होती. "मी रोज सांगते त्यांना, पोरीला सांगा," ती म्हणाली. "ऐकतात कुठं. माझ्याकडून शपथ घेतली."

बटणं. माझ्या एकदम लक्षात आलं आणि तोंड गरम झालं. काय समजले होते मी, आणि वर हसत गेले होते.

मी म्हटलं, "मग गाडीला हात का लावलात? मला म्हणायचं होतं, मेकॅनिककडे ने."

बाबांनी फरशीवरची पक्कड माझ्याकडे सरकवली.

"वाटलं, एवढं तरी जमेल."

"त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"बरोबर बोललीस. सैल पिन ती सैल पिन. कारखान्यात कुणी अशी ठेवली असती तर मीच त्याला हाकलून दिलं असतं." मग नाक ओढलं आणि म्हणाले, "चल, तार सोल. पाच मिलिमीटर. जास्त नको."

मग मी करत गेले आणि ते सांगत गेले. तार पिळ. पिनेला दोन जोड्या कान असतात. मागचे वायरच्या कातड्यावर, पुढचे उघड्या तांब्यावर. आधी तांबं. दाब. अजून. तुझा जोर मला पक्कडीवर दिसला पाहिजे. आता ओढून बघ. मी ओढली, आली नाही. "अजून जोरात ओढ. रस्ता तुझ्यापेक्षा जोरात ओढतो." आली नाही. मग डबीत सारायची, टक् आवाज येईपर्यंत. पहिली बसली. दुसरी बसली. तिसरीला आवाज आला असं मला वाटलं, पण बाबा म्हणाले, "नाही." काढून पाहिलं, पिनेची जीभ वाकली होती. सरळ करून पुन्हा घातली. टक्.

"ही," ते म्हणाले.

माझा हात एकदाही हलला नाही. हलेल असं वाटत होतं.

चौदा पॉइंट एक. मी मोठ्याने वाचलं. त्यांनी मान वाकवून स्वतः पाहिलं, मग आत गेले.

८ डिसेंबर, सोमवार

बावीस नमुने, दहा वाजून पाच मिनिटांनी सेंटरला. वाटेतले सिग्नल धरून गाडी सात वेळा बंद केली, सात वेळा चालू झाली. जिवाचा घोर तरी गेला नाही. आता तो गाडीचा नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल सरांनी पत्र दिलं. पक्की झाले. आईने बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हं. डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घे मग." पण संध्याकाळी शेजारच्या काकांना बोलावून तेच पत्र वाचायला दिलेलं मी पाहिलं.

सुनीतीबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "पेढे आणले नाहीस तरी चालेल. एकदाच टोच."

रक्त काढून झाल्यावर, का कोण जाणे, बाबांचंही सांगितलं. त्यांनी कापूस उचलून बघितला, रक्त थांबलं होतं. मग म्हणाल्या, "डॉक्टर जे सांगतील ते लिहून घे. त्या खोलीत ऐकलेलं दारापर्यंत विसरायला होतं."

१९ डिसेंबर, शुक्रवार

रिक्षा करू म्हटलं तर बाबा नको म्हणाले. "गाडी चांगली आहे ना आता?" म्हणून त्यांना मागे बसवून नेलं. ते कधी कुणाच्या मागे बसलेले नाहीत. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना सापडेना. निघाल्यावर उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मागून सूचना सुरू झाल्या, क्लच पूर्ण सोड. गतिरोधकाला आधीच हळू हो. विद्यापीठ चौकापर्यंत असं चाललं होतं. तिथे मोठा सिग्नल लागला, मी इंजिन बंद केलं. सगळी गाडी शांत झाली, खांदा झाला नाही. मी मागे वळले नाही.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. बोटं आपटायला सांगितली, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं, व्हरांड्यात चालायला सांगितलं. चालताना उजवा हात अंगाला चिकटून होता, हलतच नव्हता. घरात कितीदा चालताना पाहिलंय. वास येतो का, विचारलं. बाबा म्हणाले, दोन-तीन वर्षं झाली, नाही येत. मी वहीत लिहीत होते, तिथे पेन थांबलं.

पार्किन्सन्स. बरा होत नाही. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात. गोळीची वेळ चुकवायची नाही. रोज चालायचं. हे सगळं लिहून घेतलं. बाबांनी एकच विचारलं, "गाडी?" त्या म्हणाल्या, "चालवायची नाही, काका." बाबा म्हणाले, "ते मीच बंद केलंय, सप्टेंबरात."

बाहेर येऊन आम्ही चहाच्या टपरीजवळ उभे राहिलो. चहा सांगितला नाही. बाबा म्हणाले, "एक ठरवू. मी लपवणार नाही. तू सारखं बघायचं नाही."

मी म्हटलं, "ठरलं."

आज कितीतरी दिवसांनी तिघं एकत्र जेवायला बसलो. बाबांनी पहिल्या घासानंतर हात मांडीखाली लपवला, आणि मी बघितलं. दोघांनीही शब्द मोडला, जेवायला बसून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्यांनी हात वर घेतला. वाटी उचलली तर आमटी त्यांच्या मनगटावरून ताटात, ताटातून सतरंजीवर. बाबांचा चेहरा मला बघवेना, आणि दुसरीकडे बघणंही बरोबर वाटेना.

आई उठली. फळीवरून स्टीलचे तीन पेले काढले आणि पातेल्यातली आमटी तिन्हींत ओतली, अर्धा अर्धा. एक बाबांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे, एक स्वतःपुढे.

आम्ही तिघांनी दोन्ही हातांनी पेला धरून आमटी प्यायली.

बाबा म्हणाले, "मीठ कमी आहे."

आई म्हणाली, "अजिबात नाही."

मला सांगता आलं नाही कुणाचं बरोबर होतं.